ड आणि ब-१२ कमी आले, म्हणजे हृदयविकार जवळ आला का?

अमळनेरच्या एका माध्यमिक शिक्षकांनी हा प्रश्न पाठवला आहे. त्यांचे वय ४८, पत्नीचे ४५. दिवाळीच्या सुमारास त्यांचे ५२ वर्षांचे चुलतभाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि त्या धसक्याने पती-पत्नी दोघांनी तपासणीचे पॅकेज करून घेतले. शिक्षकांचे ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम, ब-१२ १४६ पिकोग्रॅम आणि होमोसिस्टीन हा रक्तातील घटक ३२ मायक्रोमोल आला. पत्नीचे हेच आकडे अनुक्रमे ८, २३० आणि १३ असे आहेत. औषधाच्या दुकानातील ओळखीच्या माणसाने त्यांना सांगितले की होमोसिस्टीन वाढले की रक्तवाहिन्या आतून खरडल्या जातात आणि सहा महिने गोळ्या घेतल्या तर झटका टळतो. हे खरे आहे का, आणि पुरुष व स्त्री यांच्यात यात काही फरक पडतो का, असे ते विचारतात.

पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून त्यांनी आणखी काही लिहिले आहे. रक्तदाब १५२/९६ आला, "पण त्या दिवशी लॅबपर्यंत चालत गेलो होतो". एलडीएल कोलेस्टेरॉल १६४, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. घर माळकरी, व्यसन नाही, "जेवणानंतर तंबाखूची चिमूट तेवढी". पत्नीला दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब वाढल्यामुळे आठव्या महिन्यातच सिझेरियन करावे लागले होते. आई ७० वर्षांच्या आहेत, नऊ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात, तळपायांची आग होते अशी त्यांची तक्रार असते, पण त्यांना हृदयाचा त्रास नसल्यामुळे त्यांची तपासणी केली नाही.

सर, उत्तराची दिशा आधी सांगतो, मग कारणे देतो. तुमच्या आणि वहिनींच्या अहवालात जीवनसत्त्वांचे जे आकडे लाल शाईत छापून आले आहेत, ते दुरुस्त करायलाच हवेत. मात्र ते हाडांसाठी, मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. त्यांच्या दुरुस्तीने हृदयविकाराचा झटका टळतो, हे मोठ्या चाचण्यांमध्ये सिद्ध झालेले नाही. ज्या गोष्टींवर तुमच्या घरातील माणसांच्या हृदयाचे भवितव्य खरोखर अवलंबून आहे, त्या तुम्ही ताज्या कलमात लिहिल्या आहेत. धुळ्यात फिजिशियन म्हणून काम करताना गेल्या २८ वर्षांत मी ही अदलाबदल इतक्या वेळा पाहिली आहे की आता अहवाल हातात आला की मी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करतो.

जीवनसत्त्व कमी असणे आणि हृदयविकार होणे यांचा संबंध कोणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत, आधी हृदयविकार नसलेल्या १,७३९ स्त्री-पुरुषांवर सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांचे ड जीवनसत्त्व १५ नॅनोग्रॅमच्या खाली होते, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण इतरांपेक्षा साधारण ६० टक्के जास्त आढळले. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर ड जीवनसत्त्वाच्या तपासणीला जे उधाण आले ते अजून ओसरलेले नाही. परंतु पाहणीतून दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढेच कळते. एकीमुळे दुसरी घडते हे कळत नाही. केळीचे पान पिवळे पडले म्हणजे पानालाच रोग झाला असे आपल्याकडचा शेतकरी मानत नाही. तो आधी बुंध्याशी माती उकरून मुळे पाहतो. ज्याचे पोट सुटले आहे, त्याच्या शरीरातील चरबीत ड जीवनसत्त्व अडकून राहते आणि रक्तातील पातळी कमी दिसते. जो दम लागतो म्हणून घराबाहेर पडत नाही, त्याला ऊन मिळत नाही. शरीरात दीर्घकाळ दाह चालू असेल तरी पातळी उतरते. या तिन्ही माणसांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो आणि तिघांचेही ड जीवनसत्त्व कमी येते, पण त्यात गुन्हेगार कोण आणि साक्षीदार कोण हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

ते ठरवण्याचा मार्ग म्हणजे निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देऊन वाट पाहणे. अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीत हेच केले गेले. पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पंचावन्न ओलांडलेल्या स्त्रिया मिळून २५,८७१ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिले. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा घटना ड जीवनसत्त्वाच्या गटात ३९६ आणि दुसऱ्या गटात ४०९ झाल्या. एवढ्या मोठ्या संख्येत हा फरक योगायोगाच्या मर्यादेतच बसतो. स्त्रियांना फायदा झाला आणि पुरुषांना झाला नाही, किंवा त्याच्या उलट, असेही काही निघाले नाही. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, तो असा की त्या लोकांची पातळी मुळात बरी होती, सरासरी ३० नॅनोग्रॅमच्या आसपास. आपल्यासारख्या ८ आणि ११ आकड्यांच्या लोकांना तो निष्कर्ष कसा लागू करायचा? न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत साधारण चतुर्थांश लोकांची पातळी २० च्या खाली होती. त्यांना महिन्याला एक लाख युनिट देऊनही हृदयविकारात घट दिसली नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजारांवर लोकांना महिन्याला ६०,००० युनिट पाच वर्षे दिले, तेव्हा किंचित घट दिसल्यासारखी वाटली, पण तीही योगायोगाच्या सीमेवरच होती. तेव्हा ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर घ्यावे, मात्र हृदयाचे कवच म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

स्त्री-पुरुषांचा फरक येथे वेगळ्या ठिकाणी आहे. गोळीचा परिणाम दोघांत सारखाच, पण पातळी कमी होण्याची वाट वेगळी. शिरपूरकडची एक बाई गेल्या वर्षी पाठदुखीसाठी आली होती. वय चाळिशीतले, केळीच्या बागेत रोजाने काम. तिचे ड जीवनसत्त्व ९ आले, तेव्हा ती माझ्यावर जवळजवळ रागावलीच: "डाक्टर, मी ते दिनभर उनमाच ऱ्हास!" मग मी तिला तिच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल विचारले. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला रुमाल, फक्त डोळे उघडे. आणि वर केळीच्या पानांची गच्च सावली. आठ तास शेतात राहूनही तिच्या कातडीला ऊन लागत होते ते पंजांना आणि पावलांना. त्याच बागेत तिचा नवरा बनियनवर पाणी धरायचा, त्याची पातळी मी तपासली नाही, पण ती तिच्यापेक्षा बरी असणार याबद्दल मला शंका नाही.

दुसरा गैरसमज कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातचे ऊन अंगाला बरे वाटते, परंतु ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्याशिवाय जमिनीपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे, अशी सोपी खूण आहे. जळगाव-धुळ्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी बारालाही सावली जवळजवळ उंचीएवढीच असते. आणि मे महिन्यात सावली आखूड असते तेव्हा पारा ४४-४५ वर गेलेला असल्यामुळे शहाणा माणूस घरात पडदे ओढून बसलेला असतो. खान्देशात ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्व कमी का, या कोड्याचे बरेचसे उत्तर यात आहे. फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरनंतरच्या दिवसांत अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे गच्चीवर काढणे, हे सकाळच्या तासाभराच्या फेरफटक्यापेक्षा या कामासाठी उपयोगी. फेरफटका हृदयासाठी घ्यावा. तो वेगळा हिशेब आहे.

आता तुमच्या होमोसिस्टीनकडे येऊ, कारण दुकानातील माणसाने तुम्हाला घाबरवले ते त्यावरून. आपण डाळ, दूध, शेंगदाणे यांतून जी प्रथिने खातो, त्यांच्यातील मेथिओनिन या घटकापासून शरीर होमोसिस्टीन तयार करते आणि लगेच त्याची विल्हेवाट लावते: फोलेट (ब गटातील जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक अ‍ॅसिड म्हणून असते) व ब-१२ यांच्या मदतीने त्याचे पुन्हा मेथिओनिन करते किंवा ब-६ च्या मदतीने पुढे ढकलते. यांपैकी एखादे जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन रक्तात साचते. पाश्चात्त्य देशांत ते बहुधा फोलेट कमी असल्यामुळे वाढते. आपल्याकडे ब-१२ मुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी निघाले आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर होते. सर्वांत वाईट स्थिती खेड्यातील नव्हे, शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची होती. म्हणजे तुमचा ३२ हा आकडा तुम्हाला कितीही भयंकर वाटला तरी महाराष्ट्रातील शाकाहारी पुरुषात तो दुर्मीळ नाही.

वहिनींचा आकडा १३ आणि तुमचा ३२, यात मोठा भाग ब-१२ चा आहे हे उघड आहे, पण थोडा भाग स्त्री-पुरुष भेदाचाही आहे. पुरुषाचे स्नायू अधिक, त्यांच्यासाठी शरीर क्रिएटिन जास्त बनवते आणि त्या प्रक्रियेत होमोसिस्टीनही जास्त तयार होते. स्त्रियांत पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन ते खाली ठेवते. पाळी गेल्यावर स्त्रियांचा आकडा वर सरकतो. तंबाखूनेही तो वाढतो, मूत्रपिंड मंदावले किंवा थायरॉइड कमी पडले तरी वाढतो, म्हणून तुमच्या पुढच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच जरूर पाहावे.

होमोसिस्टीन आणि बंद पडलेल्या रक्तवाहिन्या यांचा संबंध किल्मर मॅककुली या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडला होता. जन्मजात दोषामुळे ज्या मुलांत होमोसिस्टीन शंभराच्याही वर जाते, त्यांच्या रक्तवाहिन्या खरोखर लवकर खराब होतात. तेथून सर्वसामान्य माणसाच्या वीस-तीसच्या आकड्यापर्यंत उडी मारणे सोपे होते, आणि आम्ही ती मारली. मी स्वतः २००६ च्या आधी झटका येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लिहीत असे. ते जुने केसपेपर अजून कपाटात आहेत. त्या वर्षी दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्रच आले. एकीत ५,५२२ रुग्णांना फॉलिक अ‍ॅसिड, ब-६ आणि ब-१२ पाच वर्षे दिले. होमोसिस्टीन छान उतरले, हृदयविकाराचे झटके उतरले नाहीत. दुसरी नॉर्वेतील, झटका येऊन गेलेल्या ३,७४९ स्त्री-पुरुषांवरची. तेथे फायदा तर नाहीच, उलट तिन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांत घटना थोड्या अधिक झाल्याची छाया दिसली. स्त्रियांचे वेगळे असेल, असे म्हणायला २००८ पर्यंत जागा होती. त्या वर्षी ५,४४२ स्त्रियांवरील सात वर्षांच्या चाचणीनेही नकारार्थी उत्तर दिले. आकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारला असे नसते, हा धडा मी त्या दोन वर्षांत शिकलो.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. चीनमध्ये २० हजारांवर रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तदाबाच्या गोळीबरोबर ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. पण तेथील आहारात फोलेट कमी होते आणि पिठात ते मिसळण्याची पद्धत नव्हती. आपल्या घरी मेथी, अंबाडी, हरभऱ्याची भाजी, डाळी आणि शेंगदाणे असल्यामुळे फोलेट बहुधा पुरेसे असते. शिवाय त्या चाचणीत प्रत्येकजण रक्तदाबाची गोळी रोज घेत होता, हे विसरू नये. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र गुपचूप पुढे चालू राहते. म्हणून तुमच्यासारख्याने ते एकटे घेऊ नये.

इ आणि क जीवनसत्त्वांबद्दल फार वेळ घालवत नाही. जवळजवळ ४० हजार स्त्रियांनी दहा वर्षे एक दिवसाआड ६०० युनिट इ घेतले, झटके कमी झाले नाहीत. १४,६४१ पुरुष डॉक्टरांनी इ आणि क घेतले, त्यांनाही लाभ झाला नाही, उलट इ घेणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाचे पक्षाघात वाढले. बीटा कॅरोटिनने (अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप) विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढवला. "अँटिऑक्सिडंट" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली रंगीत कॅप्सूल दिसली की तिचे पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावावेत.

मग जीवनसत्त्वांचा हृदयाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो ज्या ठिकाणी आहे तेथे कोणी पाहत नाही. नंदुरबारच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा चाळिशीतला एक माणूस काही वर्षांपूर्वी पाय सुजून, दम लागून आला. छातीच्या फोटोत हृदय वाढलेले, हातपाय मात्र गरम. रोज रात्री दारू, जेवण म्हणजे धाब्यावरचा पांढरा भात आणि तिखट रस्सा. लघवी होण्याच्या औषधाबरोबर थायमिनची म्हणजे ब-१ ची इंजेक्शने दिली, आणि चार-पाच दिवसांत तो उताणा झोपू लागला. ब-१ च्या अभावाने होणारा हृदयाचा हा विकार खरा आहे, आणि जुन्या हृदयरोग्यांत लघवीच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तरी ब-१ शरीरातून वाहून जाते. तसेच ब-१२ फारच कमी होऊन हिमोग्लोबिन पाच-सहावर आले तर हृदय थकून निकामी होऊ शकते. आणि ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे, त्यांना के जीवनसत्त्वाचा हिशेब रोज ठेवावा लागतो. संधिवाताच्या तापातून येणारा मायट्रल झडपेचा विकार स्त्रियांत जास्त आढळतो. अशा बाया रक्त पातळ ठेवण्यासाठी असेनोकुमारॉल किंवा वॉरफेरिन घेतात. थंडीत बाजारात मेथी-पालक स्वस्त झाले, घरात दोन वेळा पालेभाजी शिजू लागली की त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, खाली येतो, कारण हिरव्या पानांतील के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते. पालेभाजी बंद करू नका, वर्षभर साधारण सारखी ठेवा, असे मी त्यांना सांगतो.

जीवनसत्त्वे निरुपद्रवी असतात हा समज मोडणारी प्रकरणेही कमी नाहीत. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असे चिठ्ठीवर लिहिलेले असते. एका आजीबाईंनी ती रोज एक, अशी दोन महिने दुधातून घेतली. वर कोणीतरी दिलेली सहा लाख युनिटची दोन इंजेक्शने झाली होती. उलट्या, बद्धकोष्ठ, डोक्यात गोंधळ अशा अवस्थेत आल्या तेव्हा रक्तातील कॅल्शियम १४ च्या वर गेले होते आणि मूत्रपिंडे निम्म्याने मंदावली होती. वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा मोठा डोस सत्तरीपुढच्या स्त्रियांना दिला, तर पडणे आणि हाड मोडणे कमी होण्याऐवजी वाढते, हे ऑस्ट्रेलियात २०१० मध्येच दिसले आहे. मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झालेल्या २३८ रुग्णांना कॅनडात ब गटातील जीवनसत्त्वे भारी मात्रेत दिली, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे अधिक वेगाने खालावली. आणि एक इशारा विशेषतः स्त्रियांसाठी, कारण केसांच्या गोळ्या त्याच जास्त घेतात: त्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व पाच-दहा मिलिग्रॅम असते आणि काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. झटका आला की नाही हे ठरवणारी हीच तपासणी आहे. छातीत दुखते म्हणून रुग्णालयात गेल्यास केसांची गोळी चालू असल्याचे सांगावे. संकोच करू नये.

आता तुमचा ताजा कलम. ५२ देशांतील झटका आलेल्या आणि न आलेल्या लोकांची तुलना करणारा 'इंटरहार्ट' हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्यांच्या धोक्याचा पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के वाटा अवघ्या नऊ गोष्टींनी उलगडतो, असे त्यातून निघाले: तंबाखू, कोलेस्टेरॉलचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायाम नसणे आणि दारू. या यादीत जीवनसत्त्वाची गोळी कोठेच नाही. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत ५९ व्या. तुमच्या चुलतभावांचे वय आठवा. तुमच्याकडे यांपैकी दोन गोष्टी कागदावरच आहेत, तिसरीचे नाव तुम्ही "चिमूट" ठेवले आहे, आणि ६.२ साखर चौथीच्या उंबरठ्यावर उभी आहे. चुन्यासह तोंडात धरलेल्या तंबाखूतील निकोटिन रक्तात जातेच. ती सिगारेट नाही एवढ्याने सुटका होत नाही.

वहिनींच्या बाबतीत मला त्यांच्या ८ या आकड्यापेक्षा आठव्या महिन्यातील सिझेरियनची अधिक काळजी वाटते. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने गेलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि ही गोष्ट बाळंतपणाच्या फायलीतच राहून जाते. फिजिशियन विचारत नाही, बाई सांगत नाही. पाळी जाईपर्यंत मिळणारे संरक्षण त्यांचे आता काही वर्षांत संपेल. त्यांचा रक्तदाब, कंबरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी पाहावे. स्त्रियांत झटक्याच्या वेळी छातीतील कळीऐवजी दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, न समजणारा थकवा अशीही लक्षणे येतात, म्हणून "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणत रात्र काढू नये.

आणि आई. ज्या तिघांमध्ये ब-१२ ची तपासणी खरोखर निकडीची होती, त्यांत पहिला क्रमांक त्यांचा होता आणि नेमकी त्यांचीच झाली नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ चे शोषण कमी होते, त्यात माळकरी आहार, त्यात वय. तळपायांच्या आगीला सगळेजण "साखरेमुळे" म्हणून मोकळे होतात. निम्मी आग ब-१२ ची असू शकते आणि तेवढी तरी भरून येण्यासारखी असते. मात्र मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. त्या मशेरी लावत असतील तर तेही विचारा. आपल्याकडे बायका तिला तंबाखूत मोजत नाहीत.

तुमच्या उपचाराचे सांगायचे तर ब-१२ ची १,००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक आणि ती पोटभर जेवणानंतर, हे तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करा आणि तीन महिन्यांनी एकदाच पुन्हा तपासा. हातापायांना मुंग्या किंवा चालताना तोल जात असेल तर गोळीऐवजी इंजेक्शन लागेल. कळण्याची भाकरी, दादर ज्वारी, भरीत, शेंगदाण्याची चटणी, यांत बरेच काही आहे, पण ब-१२ नाही. माळकरी घरात ते दूध, दही आणि ताक यांतूनच येणार, आणि चहातल्या दोन चमचे दुधाने ते भागत नाही.

रक्तदाब "चालत गेलो म्हणून" वाढला होता की नाही, ते घरी ठरवता येते. दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. सकाळी चहा आणि तंबाखू यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा तसेच. सात दिवसांचे आकडे शाळेच्या वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर आली, तर जीवनसत्त्वांचा अहवाल घरी ठेवून ती वही घेऊन आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा, आणि वहिनींचेही मोजलेले आकडे त्याच वहीच्या उजव्या पानावर लिहून न्या.